थांबवायचं बटण

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी कूलरच्या ताट्या बदलतो. जुनं गवत वर्षभराची धूळ पिऊन काळं पडलेलं असतं, हात लावला की भुगा होतो. नवं गवत भरायचं, जाळी बसवायची, टाकीत पाणी सोडायचं. पहिल्यांदा भिजलेल्या त्या गवताला एक ओला, लाकडासारखा वास येतो. अमरावतीत उन्हाळा सुरू झाला हे मला कॅलेंडरवरून नाही, त्या वासावरून कळतं. यंदाही तो आला आणि मी हातात पाइप धरून तसाच उभा राहिलो. टाकी साठ लिटरची आहे. ती भरली, वाहिली, अंगणातून पाणी फाटकापर्यंत गेलं.

"अहो, नळ बंद करा ना," बायको आतून म्हणाली. मग दारात येऊन तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच जाऊन नळ बंद केला. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझे रविवार कुठे जात होते, हे तिला ठाऊक आहे.

ते अकोल्याला जात होते, जठारपेठेत, दादाकडे. ओळीने नऊ रविवार.

मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला आहे. आमचं बहुतेक काम उन्हाळ्यात चालतं. कापूस, तूर निघून गेलेली असते, वावरं मोकळी असतात, एका बांधावरून दुसऱ्या बांधापर्यंत नजर जाते. त्या वर्षी माझ्याकडे नांदगाव खंडेश्वरकडची गावं होती. काळ्या जमिनीला इतक्या रुंद भेगा, की मी एकीत सहज म्हणून टेपचं टोक सोडलं तर ते दोन फूट खाली गेलं. सोमवार ते शनिवार वावरात काढायचे आणि रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीतला वारा गार असे. बोरगाव मंजू सोडलं की तोच वारा तोंडावर चटके देत असे.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. जठारपेठेत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, मागे राहती जागा. पस्तीसहून जास्त वर्षं त्याच्या हातांनी लोकांच्या घरातले आवाज आणि चित्रं परत आणली. मग एका दिवाळीच्या सुमारास त्याच्या उजव्या हातातून स्क्रू फिरवायचा पेचकस पडला. "मले वाटलं घाम असंन," तो मला नंतर म्हणाला. घाम नव्हता. शरीराचे स्नायू एकेक करून बंद पडत जातात असा तो आजार होता. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं. दादाने ते चित्र नीट पाहिलं, टीव्हीच्या आतल्या तारांचा नकाशा पाहावा तसं, आणि विचारलं, "म्हणजे सप्लाय आहे, पण पुढं करंट पोचत नाही. असंच न?" डॉक्टर हो म्हणाले.

मार्चमध्ये मी त्याला विचारलं, "दादा, तुले काही पाह्यजे का?"

असं विचारू नये. विचारताना माझा आवाजच चुकला होता. पण दादा हसला. म्हणाला, "एक टीव्हीगेम आण. आताचा, नवा. आपण दोघं खेळू. एक डाव, पण पुरा."

'पुरा' या शब्दावर त्याने जोर दिला होता आणि त्याचं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मी तेरा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाने दादाकडे दुरुस्तीला एक टीव्हीगेम टाकला आणि तो घ्यायला कधी आलाच नाही. कॅसेट घालायची, दोन वायरी बाहेर, वायरींच्या टोकांना दोन कंट्रोलर. मे महिनाभर आम्ही तो दुकानाच्या मागच्या खोलीत खेळलो. त्या जातीच्या खेळण्यात एक गोष्ट होती, ज्यांनी खेळलंय त्यांना आठवत असेल: चालू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण फक्त एक नंबरच्या कंट्रोलरला असायचं. दोन नंबरच्या कंट्रोलरवर त्या जागी नुसतं कोरं प्लॅस्टिक. एक नंबर अर्थात दादाचा. मी जिंकायला आलो की तो बटण दाबायचा. चित्र जागच्या जागी गोठायचं.

"गिऱ्हाईक आलं बे."

"कुठं आलं? कोणीच नाही."

"येईन न आता."

मग तो पुढे जाऊन बसायचा आणि आम्ही परत आलो की वीज गेलेली असायची, नाही तर आई जेवायला हाक मारायची. महिनाभरात आमचा एकही डाव शेवटापर्यंत गेला नाही. मी दात-ओठ खायचो. त्या कोऱ्या प्लॅस्टिकवर मी अंगठा दाबून दाबून खळगा पाडला होता असं दादा सगळ्यांना सांगत असे. ते खरं नव्हतं. पण थोडंसं खरं होतं.

तर मी टीव्हीगेम घ्यायला गेलो. मूळ यंत्र निवडणं सोपं असतं. त्यात दोनच प्रकार होते आणि एकच दुकानात होता. अवघड असतं ते सोबतचं. खोक्यात एकच कंट्रोलर येतो. दुसरा कोणता घ्यायचा, केवढा, किती वजनाचा, पकडीला रबरी कव्हर हवं का, अंगठ्याच्या दांडीवर उंच टोपी हवी का, चार्ज करायचा स्टँड कोणता. दुकानातले गृहस्थ म्हणाले, "साहेब, मुलाचं वय सांगा, मी बरोबर देतो." मी म्हटलं, "सत्तावन्न." त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

पहिल्या रविवारी मी यंत्र, त्यातला कंट्रोलर, टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन अकोल्याला गेलो. वहिनींनी काटा पाहिला. "भाऊजी, शेवया तोलाले आणला का?" मी दादाचा हात मोजला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकोणीस सेंटिमीटर. अंगठ्याची पोच सहा. मग त्याला काट्याच्या ताटलीवर उजव्या अंगठ्याने दाबायला सांगितलं. चारशे दहा ग्रॅम. कंट्रोलरची बटणंही मी तशीच काट्यावर दाबून पाहिली होती. वरची बटणं नव्वद ग्रॅमला दबतात, मागचा खटका अडीचशेला. म्हणजे हिशेबाने सगळं जमत होतं. कंट्रोलरचं वजन मात्र दोनशे ब्याऐंशी ग्रॅम, आणि दहा मिनिटांत दादाचा हात मांडीवर पडला. मी वहीत लिहिलं: हलका हवा.

दुसऱ्या रविवारी मी लहान, दीडशे ग्रॅमचा कंट्रोलर नेला. रबरी कव्हरसकट एकशे नव्वद. तो हातात बसला, पण आता मागच्या खटक्याला बोट वळेना. अंगठ्याचा आकडा तीनशे तीस. तिसऱ्या रविवारी मी टेबलाला पकडणारा चिमटा नेला, म्हणजे कंट्रोलर धरायलाच नको, आणि मागच्या खटक्याचं काम वरच्या बटणाला लावून दिलं. आकडा दोनशे चाळीस. चौथ्या रविवारी दांडीवरची उंच टोपी, म्हणजे कमी जोरात ती कलेल. आकडा एकशे साठ. पाचव्या रविवारी काट्याने ऐंशी दाखवले. बटणाला नव्वद लागतात.

मी पुन्हा दाबायला सांगितलं. चौऱ्याहत्तर.

कूलरचा तो ओला वास खोलीभर होता. दादाने काट्याकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. तारीख, वजन, बोटाची पोच, सगळं रकान्यांत. "गज्या," तो म्हणाला, "तू वावर मोजून राहिला का बे? वावर जागेवर राह्यते. मी जाऊन राहिलो."

मी पेन बंद केलं. पाच रविवार मी मागच्या आठवड्याच्या हातासाठी वस्तू निवडून आणत होतो. रविवारी मोजायचं, सोमवारी मागवायचं, गुरुवारी पार्सल घ्यायचं, रविवारी पोचायचं. दर वेळी माप बरोबर होतं आणि दर वेळी तो हात तिथे नव्हता. सत्तावीस वर्षं मी जे मोजत आलो ते मोजल्यावर तेवढंच राहिलं. आज लिहिलेला आकडा पन्नास वर्षांनी माझ्या जागी आलेल्या माणसालाही तेवढाच मिळेल, याच भरवशावर आमचं खातं चालतं. माझ्या अंगात तो भरवसा इतका मुरलेला होता की समोर दिसत असून मला दिसलं नाही.

पाय अजून बरे होते. हात नसलेल्यांसाठी पायाने, हनुवटीने चालवायचं एक खास साधन मिळतं, हे मी शोधून काढलं. ते परदेशातून येणार होतं.

"किती दिवस?" दादाने विचारलं.

"पाच आठवडे."

"एवढी माही वॉरंटी नाही."

वहिनी भाजी निवडत होत्या. "काहीबाही बोलता," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आत गेल्यावर भांड्यांचा आवाज झाला नाही, यावरून आम्हाला कळलं.

दादाने नजर कंट्रोलरकडे वळवली. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुकानात हजारदा पाहिलं होतं. मागचं झाकण काढलेल्या टीव्हीसमोर बसला की यायचं ते. "बाजारातलं सोड," तो म्हणाला. "दुकानाचं शटर उघड. खालच्या खणात जुना माऊस असंन कॉम्प्युटरचा, घेऊन ये. त्याचं बटण लय नरम राह्यते. आणि त्या दुसऱ्या कंट्रोलरले खोल."

"मी खोलू?"

"मंग काय मी खोलू?"

सहावा रविवार कंट्रोलर खोलण्यात गेला. मी पेचकस असा कधी धरला नव्हता. स्क्रू पाच होते, पाचवा चिठ्ठीखाली लपलेला. तो कुठे आहे हे दादाने न पाहता सांगितलं. सातव्या रविवारी मी डाग दिले, म्हणजे माऊसच्या बटणाच्या तारा कंट्रोलरच्या आतल्या पट्टीवर कथिलाने जोडल्या. डाग देताना कूलर बंद ठेवावा लागतो, वाऱ्याने कथील नीट वितळत नाही. अकोल्यात मे महिना, दुपारी दोन, बंद खोली. वितळत्या कथिलाचा आणि राळेचा धूर नाकात जात होता. माझ्या नाकावरून घामाचे थेंब बरोबर पट्टीवर पडत होते. वहिनी एका हाताने दादाच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या आणि दुसऱ्याने माझ्या.

"कथील नको गरम करू लेका, जागा गरम कर. मंग कथील आपोआप जाते. हां. उचल. उचल न!"

"उचललं."

"जळालं?"

"नाही."

"दाखव." मी पट्टी त्याच्या डोळ्यांपुढे धरली. त्याने बराच वेळ पाहिलं. "दुकानात ठेवला असता तं दोन दिवसांत हाकलला असता तुले," तो म्हणाला. "पण लागलं बरोबर."

माऊस आम्ही त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ठेवला. टिक. पडद्यावर माणूस हलला. त्या टिकच्या आवाजाला मी आजवर मोजलेल्या कशाचीच तोड नाही.

खेळ मी एकाला एकच बटण पुरेल असाच शोधून आणला होता. दोन माणसं एका होडीत. मागचा सुकाणू धरून वळवतो, पुढचा वल्हं मारतो. वल्ह्याला एकच बटण. नदीचे बारा टप्पे, शेवटी घाट. मागच्याला सगळी बटणं लागतात, म्हणून पूर्ण कंट्रोलर माझ्याकडे आला. दादाकडे एक बटण उरलं.

"म्हणजे थांबवायचं तुह्याकडे," तो म्हणाला.

"हो."

"पाह्यलं का? चव्वेचाळीस वर्षं वाट पाह्यली पठ्ठ्यानं."

"सदतीस," मी म्हटलं. मला राहवत नाही. वहिनी हसल्या, तोही हसला, हसताना त्याला खोकला आला आणि वहिनी आणि मी तो खोकला थांबेपर्यंत एकमेकांकडे बघत राहिलो.

त्या दिवशी चार टप्पे झाले. आठव्या रविवारी जेवण झाल्यावर बसलो ते पाचपर्यंत. पाचवा, सहावा, सातवा. खडकाशी मी उशिरा वळवलं की तो ओरडायचा, "डोळे बांधावर ठेवून आला का बे?" त्याने वल्हं चुकवलं की मी ओरडायचो. तेरा आणि वीस वर्षांच्या पोरांना शोभेल असं आम्ही भांडत होतो. वहिनी त्याच्या पायाशी खाली बसल्या होत्या. पाय माऊसवरून घसरला की उचलून परत ठेवत. अकरावा टप्पा झाला. बाराव्याच्या मध्यावर टिकचे आवाज लांबू लागले. दादाच्या ओठांभोवती निळसर झालं होतं. माझी गाडी पावणेसहाला होती, सोमवारी सकाळी मोजणी लावलेली होती, संबंधितांना नोटिसा गेलेल्या.

मी थांबवायचं बटण दाबलं. नदी गोठली.

"थांबवू नको बे," दादा म्हणाला.

"दमला तू. पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू. जागा बरोबर राहते, मी पाहिलंय."

"गज्या. थांबवू नको."

मी यंत्र बंद केलं.

आम्ही वावरात असंच करतो. सूर्य कलला की जिथवर आलो तिथे खुंटी ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुंटीपासून टेप धरायचा. रात्री कोणी खुंटी उपटली तरी बिघडत नाही, जमीन तिथेच असते, खूण पुन्हा काढता येते. मी दादाच्या दमण्याचं कारण स्वतःला दिलं, गाडीचं दिलं. दोन्ही खरी होती. पण तिसरंही होतं. तो निळसरपणा मला पाहवत नव्हता, आणि माझ्या हातात बटण होतं.

नवव्या रविवारी मी गाडीतून उतरून थेट दवाखान्यात गेलो. दादाच्या तोंडावर मास्क होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली, चादरीतल्या पायाकडे. मी चादर सरकवून त्याचा अंगठा हातात घेतला आणि वाट पाहिली. काही झालं नाही. बुधवारी तो गेला.

मी तरीही मागवून ठेवलेलं परदेशातलं ते साधन आठ दिवसांनी आलं. मी सही करून घेतलं. ते अजून उघडलेलं नाही.

यंदा ताट्या बदलल्या त्याच संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. त्यांनी तब्येत विचारली, कूलर लावला का विचारलं, आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, ते टीव्हीखालचं यंत्र मी दोन वर्षं पुसून राहिली. एक तं घेऊन जा, नाही तं लावा."

पुढच्या रविवारी गेलो. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, तोच वारा. यंत्रावर भरतकामाचा रुमाल होता. माऊस खुर्चीखाली, दादाच्या चपलांच्या शेजारी. दोन्ही कंट्रोलर चार्जिंगला लावावे लागले, चाळीस मिनिटं गेली. मग खेळ लावला. जागा खरंच राहिली होती. बारावा टप्पा, अर्धी नदी, होडीत दोघं बसलेले, पुढच्याचं वल्हं हवेत.

मी ठरवून गेलो होतो की दोघांचंही मीच करायचं. हातांनी सुकाणू, पायाने वल्हं. खुर्चीत बसून चप्पल काढली आणि अंगठा माऊसवर ठेवला. होडी जागच्या जागी गोल फिरली. पुन्हा केलं, पुन्हा फिरली. वल्हं मारताना माझे हात थांबत होते, वळवताना पाय.

वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "व्हा बाजूले."

"तुम्हाला जमेल का?"

"दोन रविवार त्यांचा पाय माह्या हातात होता. कवा दाबत होते ते मले माहीत नसंन का?"

त्या दादाच्या खुर्चीत बसल्या. डावा पाय पुढे केला. टिक.

होडी निघाली. पहिल्या वळणाला आम्ही खडकाला घासलो आणि मी नकळत ओरडलो, "मारा ना!" त्या म्हणाल्या, "ओरडू नका. तुमच्या दादानं तरी कधी ऐकलं का?" मग आम्हाला चाल सापडली. तिचा ठेका माझ्या ओळखीचा होता. दोन पटकन, एक थांबून. दादा असंच मारायचा.

घाट दिसायला लागला तेव्हा टिकचा आवाज थांबला. होडी प्रवाहाने तिरकी होऊ लागली. मी वळून पाहिलं. वहिनी पडद्याकडे बघत होत्या, पण त्यांना पडदा दिसत नव्हता. माझा अंगठा आपोआप त्या बटणावर गेला.

"थांबवू का, वहिनी?"

"नको."

मी अंगठा काढून घेतला. होडी आणखी तिरकी झाली, काठाकडे गेली. मी सुकाणू धरून राहिलो. मग टिक. मग आणखी एक.

घाट लागला. पडद्यावर वेळ आणि गुण आले, चार-पाच ओळींचे आकडे. ते मी वाचले नाहीत.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

कूलर चालू होता. वहिनींनी माऊसवरचा पाय बराच वेळ काढला नाही.